मुंबई परिसरातला हिवाळा : पहाटेचे धुके, दुपारचा उकाडा आणि हंगामी अंदाज

उत्तरवारा (धागाकर्ता)

नोव्हेंबर सरता सरता भारतीय हवामानशास्त्र विभाग डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो आणि वर्तमानपत्रांत ‘यंदा थंडी कमी’ किंवा ‘यंदा कडाका’ असे मथळे येतात. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला अशा मथळ्याचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे. आपल्याकडची थंडी वारा कोणत्या दिशेचा आहे आणि दुपारी किती वाजता तो फिरतो, यावर ठरते. आपण सर्वांनी या दृष्टीने आपापल्या भागाविषयी लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

हंगामी अंदाज संभाव्यतेच्या भाषेत असतो. जुन्या नोंदींवरून तापमानाचे सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके आणि सरासरीपेक्षा जास्त असे तीन समान गट पाडले जातात, म्हणजे काहीच माहीत नसेल तर प्रत्येक गटाला सुमारे ३३ टक्के शक्यता उरते. संगणकावरचे हवामानाचे प्रारूप (मॉडेल) चालवल्यावर एखाद्या गटाचे पारडे जिथे जड होते, तिथे नकाशात तो रंग भरला जातो. त्यामुळे ‘किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता’ या वाक्यात तीन महिन्यांच्या एकूण कलाविषयीच सांगितलेले असते. मधल्या एखाद्या आठवड्यात हुडहुडी भरणार नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नसते.

डिसेंबर २०२४ चे उदाहरण बोलके आहे. त्या हंगामाचा देशासाठीचा अंदाज उबदार हिवाळ्याचा होता. ४ डिसेंबरला सांताक्रूझ वेधशाळेत कमाल तापमान ३७.३ अंश नोंदवले गेले, आणि अवघ्या पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्याच वेधशाळेत किमान तापमान १३.७ अंशांवर आले. पहिल्या आकड्यामागे फेंगल चक्रीवादळाचे अवशेष होते. ते वादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, त्याचा उरलेला भाग द्वीपकल्प ओलांडून पश्चिमेकडे सरकला आणि आपल्याकडे पूर्वेचे वारे सुरू झाले. ती प्रणाली दूर गेल्यावर उत्तरेचा वारा मोकळा झाला आणि पारा उतरला. हंगामाचा एकच सरासरी आकडा हातात असता, तर या दोन दिवसांपैकी कोणत्याही दिवसाची तयारी आपल्याला करता आली नसती.

उकाड्याचे गणित असे आहे. हिवाळ्यात सकाळी आपल्याकडे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे असतात. ऊन चढले की जमीन तापते आणि सहसा दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे शिरतात. हिवाळ्यात अरबी समुद्राचे पाणी पंचविशीच्या आसपास असल्यामुळे हे वारे आले की पारा तिथेच थांबतो. मात्र पूर्वेचा वारा जोरकस असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतो. शिवाय ही पूर्वेची हवा सह्याद्री उतरून येते, आणि कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. दख्खनच्या पठारावरून कोकणात यायचे म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक उतरणे आले. खारे वारे अकराऐवजी दोन वाजता आले, की मधल्या तीन तासांत पारा ३५ च्या पुढे जातो, मग कॅलेंडरवर जानेवारी असो की फेब्रुवारी.

खाडीकाठ

लेख आवडला. एक शंका आहे. ज्या आठवड्यात दुपारी असह्य उकडते, त्याच आठवड्यात पहाटे ऐरोलीच्या पुलावरून समोरचे काही दिसत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. धुके ही थंडीची खूण मानली जाते. मग एकाच दिवशी धुके आणि उकाडा दोन्ही कसे संभवतात?

उत्तरवारा

शंका अगदी योग्य आहे, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. धुक्याला कडाक्याची थंडी लागत नाही. त्याला निरभ्र आकाश, जवळजवळ पडलेला वारा आणि जमिनीलगत पुरेसा ओलावा एवढेच लागते. जमिनीलगतची हवा रात्रीत दवबिंदूपर्यंत, म्हणजे तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, थंड झाली, मग तो दवबिंदू १२ अंश असो की २० अंश, तिच्यातली वाफ बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडते.

आता शांत, स्थिर हवेचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. आकाश स्वच्छ असल्यामुळे दुपारी ऊन पूर्ण लागते आणि खारे वारे उशिरा येतात, म्हणून उकाडा होतो. उशिरा का होईना, संध्याकाळी ते वारे ओलावा आत आणून सोडतात. रात्री तेच स्वच्छ आकाश जमिनीची उष्णता अडवत नाही, जमीन झपाट्याने निवते, वारा नसल्यामुळे वरची कोरडी हवा खाली मिसळत नाही, आणि पहाटे धुके बसते. दुपारचा उकाडा आणि पहाटेचे धुके ही अशा वेळी एकाच स्थिर हवेची देणगी असते. याउलट उत्तरेचा वारा भरात असताना हवा खरोखर गार असते; पण ती कोरडी आणि वाहती असल्यामुळे धुके क्वचितच पडते. म्हणून केवळ धुके पाहून ‘थंडी आली’ असे म्हणू नये.

उल्हासकाठ

बदलापूरहून लिहीत आहे. आमच्याकडे हे रोजचे दृश्य आहे. उल्हास नदीचे खोरे एका बाजूला माथेरानच्या डोंगराने आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या धारेने वेढलेले आहे. रात्री उतारांवरची गार, जड हवा ओघळून खोऱ्यात साठते, आणि नदी व ओलिताची शेते ओलावा पुरवतात. त्यामुळे वांगणी, नेरळ, भिवपुरी, कर्जत या पट्ट्यात धुके असते तेव्हा अंबरनाथच्या पुढे मुंबईकडे आकाश लख्ख असते. किमान तापमानाचेही तेच आहे. सांताक्रूझला १७ अंश असताना आमच्या भागातले हौशी निरीक्षक १२ किंवा १३ अंशांची नोंद करतात. ‘मुंबईचे तापमान’ म्हणून सांगितला जाणारा आकडा आमच्या सकाळीला लागूच पडत नाही.

माझी एक आग्रहाची सूचना आहे. प्रादेशिक अंदाजात ‘ठाणे जिल्हा’ असा एकच रकाना असतो, आणि त्यात भाईंदरची खाडी व मुरबाडचा डोंगरपायथा एकत्र येतात. धुक्यासाठी तरी खोऱ्यानुसार अंदाज मिळायला हवा.

पहिली लोकल

उल्हासकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. कर्जत–बदलापूर आणि टिटवाळा–वासिंद या टप्प्यांत दाट धुके असले की मोटरमनला गाडीचा वेग उतरवावाच लागतो आणि त्याचा परिणाम पुढे ठाणे-दादरपर्यंत जातो. याची चीड येणाऱ्या सहप्रवाशांनी दृश्यमानतेच्या श्रेणी लक्षात घ्याव्यात. दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की त्याला धुके म्हणतात. ५०० ते २०० मीटर असेल तर मध्यम, २०० च्या खाली दाट आणि ५० मीटरच्या खाली अतिदाट. वेगाने धावणारी गाडी ब्रेक लावल्यावर २०० मीटरमध्ये थांबत नाही. सिग्नल दिसल्यानंतर थांबता येईल एवढ्याच वेगाने चालणे हा जिवाचा प्रश्न आहे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचे कारण वेगळे असते. पंजाब मेल किंवा उत्तर भारतातून येणारी दुसरी एखादी गाडी मुंबईत कित्येक तास उशिरा येते, तेव्हा आपल्याकडे धुके असतेच असे नाही. गंगा-यमुनेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत पसरणारा धुक्याचा थर शेकडो किलोमीटर लांबीचा असतो. त्या विभागांतल्या इंजिनांत आता ‘फॉग सेफ डिव्हाइस’ असते. पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे हे ते उपग्रहाच्या आधारे चालकाला सांगते. तरीही वेगमर्यादा राहतेच. विमानांचेही तसेच आहे. दिल्लीचे धुके मुंबईच्या वेळापत्रकात उमटते.

नकाशावाचक

मी शाळेत भूगोल शिकवते. मुलांना नेहमी विचारते की ‘मुंबईचे तापमान’ म्हणजे कोणत्या वेधशाळेचे? कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची, तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या टोकावरची. सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाजवळ, तुलनेने आतल्या बाजूची. हिवाळ्यात कुलाब्याचे किमान तापमान सांताक्रूझपेक्षा सहसा जास्त असते आणि कमाल कमी असते, कारण समुद्र दोन्हीकडची टोके बोथट करतो. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक २२ जानेवारी १९६२ रोजीचा, ७.४ अंशांचा आहे.

आणखी एक गोष्ट या धाग्यात नोंदवावीशी वाटते. मैदानी प्रदेशात थंडीची लाट जाहीर करण्यासाठी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जावे लागते. किनारपट्टीवर तसे क्वचितच घडते, म्हणून आपल्यासाठी वेगळा निकष आहे. किमान तापमान १५ अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी खाली असावे लागते. उष्णतेच्या लाटेसाठीही किनाऱ्याला ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, असा निकष आहे. मैदानात तो ४० अंशांपासून सुरू होतो. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत ३८.७ अंश तापमान झाले आणि हिवाळ्याचा महिना संपण्याआधीच उष्णतेच्या लाटेचे इशारे द्यावे लागले. तो महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. शाळांच्या वेळा, मैदानावरचे खेळ आणि वार्षिक क्रीडास्पर्धा अजून जुन्या हिवाळ्याच्या हिशेबाने ठरतात, याची मला मनापासून काळजी वाटते.

ऋतुचक्र

पण यंदा ला निना (प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा गार) आहे की एल निनो (तेच पाणी नेहमीपेक्षा उबदार), यावर सगळे ठरत नाही का? ला निना असेल तर कडाक्याची थंडी, असेच आजवर वाचले आहे.

उत्तरवारा

उत्तर भारतासाठी तो कल काही प्रमाणात खरा मानला जातो. मुंबईपर्यंत येईतो तो फार क्षीण होतो. २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे ला निनाचे होते. त्यांतल्या शेवटच्या हिवाळ्याचा फेब्रुवारी, म्हणजे फेब्रुवारी २०२३, देशातल्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने तोपर्यंतचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. मग ‘ला निना म्हणजे थंडी’ या सूत्रावर स्वेटर काढायचे की ठेवायचे, हे कसे ठरवणार?

आपल्यासाठी त्याहून जवळची खूण म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली हिमालयावर बर्फ पाडतात. प्रणाली येत असताना तिच्या पुढच्या बाजूला वारे दक्षिणेकडून वाहू लागतात, ढग येतात आणि आपल्याकडचे किमान तापमान वाढते. ती पुढे सरकली की राजस्थान-गुजरातमार्गे गार, कोरडा उत्तरेचा वारा खाली उतरतो आणि दोन-तीन दिवसांत मुंबईला गारवा पोहोचतो. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी वाचली की मी पुढच्या दोन-तीन दिवसांचे वारे पाहतो. झंझावात एकामागून एक, अंतर न ठेवता आले, तर मात्र उत्तरेच्या वाऱ्याला वावच मिळत नाही आणि महिना उबदार जातो.

वसईकिनारा

आमच्या घरी पिढ्यानपिढ्या मासेमारी आहे. हिवाळ्याचा अंदाज आम्हाला बोंबील सुकवण्यासाठी लागतो. वलांडीवर (मासे सुकवायच्या बांबूच्या मांडवावर) टांगलेल्या बोंबलाला दोन-तीन दिवस कोरडा वारा आणि स्वच्छ ऊन मिळाले, तर माल पांढरा, खणखणीत आणि टिकाऊ होतो. उत्तरेचा वारा असला की चिंता नसते. पहाटे धुके आणि दव पडू लागले की सुकत आलेला माल पुन्हा ओलावतो, मऊ पडतो, त्याला वास येतो आणि भाव निम्म्यावर येतो. डिसेंबरात अवकाळी पाऊस आला तर सारेच जाते. २०१७ साली ओखी वादळाच्या वेळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, किनाऱ्यावरच्या अनेकांनी ते भोगले आहे.

थंडी किती, हे आम्हाला सांगितले नाही तरी चालेल. हवेत ओलावा किती आणि वारा कोणत्या दिशेचा, हे दोन दिवस आधी कळले तर आम्ही माल टांगायचा की बर्फात ठेवायचा, हे ठरवू शकतो. मराठीत, साध्या शब्दांत, संध्याकाळच्या बातम्यांत ही माहिती यावी, एवढीच अपेक्षा आहे.

मोहोर

राहायला दादरला, बाग देवगडला, त्यामुळे दोन्हीकडच्या हवेवर लक्ष असते. हापूसला मोहोर येण्यासाठी रात्रीचा गारवा सलग काही दिवस टिकावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबर उबदार गेला आणि जमिनीत ओल राहिली, तर झाड मोहोराऐवजी पालवी काढते. ती पालवी जून होईपर्यंत मोहोर लांबतो आणि आंबा बाजारात उशिरा येतो. वाशीच्या बाजारात पहिल्या पेट्या कधी दिसणार, याचे उत्तर बऱ्याच अंशी या दोन महिन्यांतच ठरते.

उबेनंतर अचानक थंडी पडली तरी त्रास असतोच. आधीच्या मोहोराला कणी, वाटाणा, म्हणजे दाण्याएवढी कोवळी फळे, धरलेली असताना जानेवारीत कडाका आला की त्याच फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि लहान फळे गळतात. या पुनर्मोहोराला रोखण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जिब्रेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस केली आहे. पण ती वेळेवर करायची तर थंडीची चाहूल आधी लागायला हवी. धुके आणि मळभ यांचे दुखणे वेगळे आहे. दमट, ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे वाढतात, भुरी आणि करपा हे बुरशीचे रोग पसरतात, आणि फवारण्यांचा खर्च वाढत जातो. ‘मेघदूत’ ॲपवर जिल्हावार कृषी सल्ला मिळतो. नवीन बागायतदारांनी तो नियमित पाहावा, असे मी सुचवेन.

मोकळा श्वास

आतापर्यंतच्या चर्चेत एक बाजू राहिली आहे, आणि माझ्या घरात दम्याचे रुग्ण असल्यामुळे ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुंबई शहरात सकाळी जे पांढुरके पटल दिसते, ते पुष्कळदा धुके नसून धुरके असते. ओळखायची सोपी रीत म्हणजे हवेतली आर्द्रता पाहणे. आर्द्रता ५० ते ६० टक्के असताना समोरच्या इमारती पुसट दिसत असतील, तर ते पाण्याचे थेंब नाहीत. ती धूळ आणि धूर आहे. धुके ऊन चढल्यावर तासाभरात विरते, धुरके दुपारपर्यंत रेंगाळते.

यामागेही तीच स्थिर हवा आहे. रात्री जमिनीलगत गार थर आणि त्यावर उबदार थर, अशी तापमानाची विपरीतता तयार झाली की बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, कचरा जाळल्याचा धूर वर जाऊ शकत नाही. एरवी दुपारचे खारे वारे शहर धुऊन काढतात. ते उशिरा आले किंवा दुबळे असले, की ती सफाई अपुरी राहते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा दीर्घकाळ वाईट राहिली, तेव्हा वाऱ्यांच्या बदललेल्या चक्राची चर्चा शास्त्रज्ञांनीही केली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी २७ कलमी नियमावली काढली. वारा आपल्या हातात नाही, धूळ आहे. म्हणून स्थिर हवेचा अंदाज असेल त्या दिवशी त्या नियमांची अंमलबजावणी अधिक कडक व्हावी, ही माझी ठाम मागणी आहे.

आणखी एक. हवेचा गुणवत्ता निर्देशांक सूक्ष्म कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीवर काढला जातो. त्यामुळे दिवसभराचा निर्देशांक ‘मध्यम’ दिसत असतानाही सकाळी सहा ते नऊ या वेळेत प्रत्यक्ष श्वासात जाणारी हवा बरीच वाईट असू शकते. ज्येष्ठांनी अशा दिवशी पहाटेचा फेरफटका पुढे ढकलावा.

खाडीकाठ

आणि जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी सराव करणाऱ्यांनी काय करावे? पहाटे धुरके आणि नऊनंतर ऊन, अशी कोंडी होते.

मोकळा श्वास

वारा वाहता असेल तर पहाटे धावावे. हवा पडलेली असेल तर समुद्रकिनाऱ्यालगत, खारे वारे आल्यानंतर, सूर्य कलल्यावर सराव करणे मला अधिक सुरक्षित वाटते. श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उत्तरवारा

मोहोर आणि वसईकिनारा यांनी लिहिलेले वाचून वाटते की आपल्या सर्वांचा प्रश्न एकच आहे. हंगामी नकाशा वर्षातून एकदा वाचून पुरत नाही. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात पहिल्या दोन आठवड्यांच्या तापमानाचा कल बऱ्यापैकी उपयोगी असतो आणि नंतरच्या दोन आठवड्यांचा भरवसा कमी होत जातो. पुनर्मोहोराची फवारणी किंवा शाळेच्या क्रीडास्पर्धेची तारीख यांसाठी तो पाहावा. बोंबील टांगण्यासाठी पाच दिवसांचा जिल्हा अंदाज आणि वाऱ्याची दिशा पाहावी. धुक्यासाठी याहून जवळचे पाहावे लागते. रात्री नऊ-दहाच्या सुमारास तापमान आणि दवबिंदू यांतला फरक तीन-चार अंशांवर आला असेल, वारा जवळजवळ थांबला असेल आणि आकाशात ढग नसतील, तर खोऱ्यातल्या लोकांनी पहाटेची गाडी लवकरची धरावी.

उल्हासकाठ

याच निकषाने आपण सर्वजण फेब्रुवारी संपेपर्यंत नोंदी ठेवूया, असे सुचवतो. मी पहाटेची दृश्यमानता लिहीन. त्यासाठी घरापासून ठरावीक अंतरावरच्या खुणा घेतल्या आहेत : नदीवरचा पूल, उपनगरी मार्गाचा सिग्नल आणि पलीकडची टेकडी. किनाऱ्यावरच्या सभासदांनी खारे वारे किती वाजता फिरले ती वेळ लिहावी. वसईकिनारा यांनी ओलाव्याविषयी, मोहोर यांनी देवगडच्या रात्रींविषयी लिहावे.

वसईकिनारा

मान्य आहे. वारा फिरल्याची वेळ आमच्या बंदरावर कोणीही सांगेल. उद्यापासून इथे लिहितो.